सस्टेनेबिलिटीचा पेपर पहिल्यांदा घेताय? केमिस्ट्री आणि बायोटेकवाल्यांसाठी पायरी पायरीने

केमिस्ट्री, केमिकल इंजिनीअरिंग किंवा बायोटेक करणाऱ्यांना हल्ली बऱ्याच ठिकाणी सस्टेनेबिलिटीचा एक तरी पेपर लागतोच. कुठे त्याला ग्रीन केमिस्ट्री म्हणतात, कुठे सस्टेनेबल बायोप्रोसेस, कुठे नुसता दोन क्रेडिटचा इलेक्टिव्ह. आणि पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांचा समज तोच, की हे ईव्हीएस (पर्यावरण अभ्यासाचा पेपर) आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचू, झाडे लावा पाणी वाचवा लिहू, निघून जाईल. मग पहिल्या इंटर्नलला "खालील प्रक्रियेचा ई-फॅक्टर काढा, गृहीतकं स्पष्ट लिहा" असा प्रश्न येतो (ई-फॅक्टर म्हणजे मालाच्या मानाने किती कचरा झाला ते) आणि अर्धा वर्ग एकमेकांकडे बघत बसतो.

हा हिशेबाचा पेपर आहे. एका रस्त्याने माल केला तर किती कच्चा माल, किती कचरा, किती वाफ, दुसऱ्या रस्त्याने केला तर किती, आणि हा हिशेब तुम्ही कुठून कुठपर्यंत धरलात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मार्क बहुतेक तिथेच जातात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्यात, पण चौथी आणि आठवी नीट वाचा, बाकीच्या चाळल्या तरी चालतील.

१. आधी सिलॅबस उघडा, पेपर कुणीकडे झुकलाय ते बघा

नाव सारखं असलं तरी पेपर दोन प्रकारचे असतात. केमिस्ट्री डिपार्टमेंटचा असेल तर सॉल्व्हंट, कॅटॅलिस्ट, ॲटम इकॉनॉमी (समीकरणाप्रमाणे कच्च्या मालाच्या वजनातलं किती मालात उतरतं) यावर भर, बायोटेकचा असेल तर एन्झाइम, फर्मेंटेशन, बायोमास, बायोप्लास्टिक. लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे एलसीए (मालाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा हिशेब), दोन्हीकडे असतंच. युनिटसमोर तास लिहिलेले असतात ते बघा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं ३० तास, त्यामुळे कुठल्या युनिटला किती वजन आहे ते लगेच कळतं.

कॉलेजने हाच पेपर स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायची मुभा दिली असेल तर त्यावरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या) कोर्सचं गणित आधी समजून घ्या. शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी, आणि २५ मार्क असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० दोन्ही वेगवेगळे लागतात, एकातलं जास्त दुसऱ्यात धरत नाहीत. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, नुसतं एनरोल करून थांबलात तर क्रेडिट मिळणार नाही. दर सेमिस्टरला कोणी ना कोणी यात अडकतंच.

२. हे गोळा करून ठेवा

कागदपत्रं:
- कॉलेजचं आयडी कार्ड आणि एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, यात तुमचे क्रेडिट जमा होतात). डिजिलॉकरमधून निघतो, पण नाव आधारवर आहे तसंच कॉलेजच्या रेकॉर्डला आहे ना ते तपासा, स्पेलिंगच्या फरकाने क्रेडिट अडकतात.
- इंडस्ट्रियल व्हिजिट असेल तर डिपार्टमेंटचं पत्र आणि पालकांचं संमतीपत्र. सॅंडल घालून गेलात तर गेटवरच थांबाल, बंद बूट हवेत.

साधनं:
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि एक्सेल किंवा गूगल शीट. खरं काम इथेच होतं.
- ओपनएलसीए, एलसीए करायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, त्यातला चांगला डेटाबेस मात्र बहुतेक विकतचा. फुकट डेटाबेस काही मिळतात, सुरुवातीला तेवढे पुरतात.
- झोटेरो, रेफरन्स सांभाळायला. शेवटच्या रात्री हाताने रेफरन्स टाइप करण्यात काही अर्थ नाही.
- तुमच्या लॅबमधल्या सॉल्व्हंटच्या सेफ्टी डेटा शीट. कुठल्याही केमिकल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात.
- लॅब कोट, गॉगल, नायट्राइलचे ग्लोव्ह.

महागडं पुस्तक लगेच विकत घेऊ नका, लायब्ररीत असतं.

३. बारा तत्त्वं पाठ करण्याआधी त्यांची भांडणं शोधा

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची बारा तत्त्वं मांडली. कचरा मुळात होऊच देऊ नका, अणू वाया घालवू नका, सुरक्षित सॉल्व्हंट वापरा, ऊर्जा कमी लावा, कच्चा माल पुन्हा तयार होणारा घ्या, कॅटॅलिस्ट वापरा, वापरून झाल्यावर विघटन होईल असा माल करा वगैरे. पाठ करायला एक संध्याकाळ पुरते आणि सगळेच करतात, त्यामुळे नुसती यादी लिहून कोणाला जास्त मार्क मिळत नाहीत.

तुम्ही असं करा, तत्त्वं एकमेकांविरुद्ध कुठे जातात ते शोधा. उसापासून केलेलं इथेनॉल 'पुन्हा तयार होणारा कच्चा माल' या तत्त्वात बसतं, पण फर्मेंटेशनमधून येणाऱ्या द्रवात (वॉशमध्ये) अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्केच असतं, बाकी पाणी, आणि ते पाणी काढायला वाफ लागते, म्हणजे ऊर्जेच्या तत्त्वावर ओरखडा. वर डिस्टिलेशनने वजनी ९५.६ टक्क्यांच्या आसपास गाडी थांबते कारण तिथे पाणी आणि इथेनॉलचा अझिओट्रोप (साध्या डिस्टिलेशनने वेगळं न होणारं मिश्रण) होतो, पेट्रोलमध्ये घालायला ९९.५ टक्के लागतं, म्हणून पुढे उरलेलं पाणी शोषून घ्यायला मॉलिक्युलर सीव्ह. असं एक उदाहरण नीट लिहिलं की बाराच्या बारा तत्त्वांच्या यादीपेक्षा भारी पडतं.

बारावं तत्त्व, अपघात होऊच नये अशी केमिस्ट्री, लिहिताना भोपाळ येणारच. तिथे १९८४ मध्ये जो मिथाइल आयसोसायनेट सुटला तो विकायचा माल नव्हता, कीटकनाशक करताना मधे लागणारा पदार्थ होता आणि तो टनावारी साठवून ठेवला होता. तेच कीटकनाशक हा पदार्थ मधे न आणताही करता येतं, क्रम बदलायचा, आधी नॅफ्थॉल आणि फॉस्जीन, मग मिथाइलअमीन. आता फॉस्जीनही विषारीच, तेही लिहा. पण टाकीत टनावारी साठा ठेवणं हा डिझाइनचा निर्णय होता, आणि या तत्त्वाचा रोख बरोबर तिथेच आहे.

४. ॲस्पिरिनवर हिशेब बसवा

लॅबमध्ये ॲस्पिरिन सगळ्यांनी केलेलं असतं. तेच घ्या, नवीन काही शोधू नका.

सॅलिसिलिक ॲसिड २ ग्रॅम, ॲसेटिक अनहायड्राइड ५ मिली म्हणजे साधारण ५.४ ग्रॅम, सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब धरा ०.२ ग्रॅम. समजा हातात २ ग्रॅम कोरडं ॲस्पिरिन आलं.

यील्ड: सॅलिसिलिक ॲसिडचा मोलर मास १३८, ॲस्पिरिनचा १८०, म्हणजे २ ग्रॅममधून जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम निघू शकतं. तुमचं २ आलं, यील्ड ७७ टक्के.

ॲटम इकॉनॉमी: ही बॅरी ट्रॉस्ट यांची १९९१ ची कल्पना. १८० भागिले (१३८ अधिक १०२), म्हणजे ७५ टक्के, यातले १०२ हा ॲसेटिक अनहायड्राइडचा मोलर मास. उरलेले २५ टक्के ॲसेटिक ॲसिड म्हणून बाहेर गेले. हा आकडा कागदावरच्या समीकरणाचा आहे, तुम्ही लॅबमध्ये अर्धं सांडलंत तरी तो बदलत नाही. यील्ड आणि ॲटम इकॉनॉमी यांची गल्लत ही या पेपरातली नंबर एकची चूक, व्हायवात हमखास विचारतात.

ई-फॅक्टर: रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडला. कचऱ्याचं वजन भागिले मालाचं वजन, बस. आत गेलं ७.६ ग्रॅम, माल २ ग्रॅम, कचरा ५.६ ग्रॅम, ई-फॅक्टर २.८. छान वाटतं ना? आता रिक्रिस्टलायझेशनला वापरलेलं इथेनॉल धरा, समजा ८ ग्रॅम. कचरा १३.६ झाला, ई-फॅक्टर ६.८. आणि धुवायला घातलेलं ५० मिली पाणीही धरलं तर कचरा ६३.६ आणि ई-फॅक्टर ३१.८.

प्रयोग तोच, बीकर तेच, माल तेवढाच, आणि उत्तर २.८ पण आणि ३१.८ पण. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून उत्तराखाली "पाणी धरलेलं नाही", "सॉल्व्हंट परत मिळवलेला नाही असं गृहीत" अशा ओळी लिहायच्याच, त्या नसतील तर आकडा कितीही बरोबर असो, मास्तर मार्क कापतात आणि माझ्या मते बरोबरच करतात. पीएमआय (प्रोसेस मास इंटेन्सिटी) विचारला तर घाबरू नका, आत गेलेलं एकूण वजन भागिले माल, म्हणजे सगळं धरलेलं असेल तर ई-फॅक्टर अधिक एक. इथे ३२.८.

शेल्डन यांचा तक्ताही लक्षात ठेवा. तेल शुद्धीकरणाचा ई-फॅक्टर ०.१ पेक्षा कमी, मोठ्या प्रमाणावरची रसायनं १ पेक्षा कमी ते ५, फाइन केमिकल ५ ते ५०, औषधं २५ ते १०० आणि वर. तक्ता बघून पोरं लिहितात की रिफायनरी सगळ्यात ग्रीन! ई-फॅक्टर कचऱ्याचं फक्त वजन मोजतो, तो कचरा मीठ आहे का क्रोमियम हे त्याला कळत नाही, आणि तयार झालेलं पेट्रोल पुढे जाळलं जातं ते तर या हिशेबात येतच नाही.

५. आयबुप्रोफेनचं उदाहरण पूर्ण करा, अर्धं सोडू नका

हे उदाहरण जवळपास प्रत्येक सिलॅबसमध्ये आहे. बूट्स कंपनीची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची, ॲटम इकॉनॉमी ४० टक्के. बीएचसी कंपनीची नवीन पद्धत तीन पायऱ्यांची, ७७ टक्के, आणि निघणारं ॲसेटिक ॲसिड परत मिळवलं तर ९९ टक्के. अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशपला १९९२ मध्ये प्लांट सुरू झाला, १९९७ मध्ये तिकडचा प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री पुरस्कारही मिळाला. इथपर्यंत सगळे लिहितात.

पुढचं लिहा: नव्या पद्धतीत कॅटॅलिस्ट आणि सॉल्व्हंट म्हणून हायड्रोजन फ्लुओराइड वापरतात. तो परत परत फिरवून वापरला जातो, जुन्या पद्धतीतला ॲल्युमिनियम क्लोराइडचा ढीगभर कचरा टळतो, पण हायड्रोजन फ्लुओराइड हाताळणं म्हणजे चेष्टा नाही. "नवी पद्धत ग्रीन आहे" असं सरळ लिहिण्यापेक्षा कशाच्या तुलनेत आणि कुठल्या मोजमापावर ते लिहा.

६. बायोटेकच्या युनिटमध्ये 'नैसर्गिक म्हणजे चांगलं' हे डोक्यातून काढा

ॲक्रिलोनायट्राइलपासून ॲक्रिलमाइड करायचं तर पूर्वी तांब्याचा कॅटॅलिस्ट आणि बरंच जास्त तापमान लागायचं. जपानच्या निट्टो कंपनीने १९८५ मध्ये नायट्राइल हायड्रेटेज हे एन्झाइम असलेले बॅक्टेरिया वापरून ते कमी तापमानाला सुरू केलं. गंमत अशी की दोन्ही पद्धतींची ॲटम इकॉनॉमी १०० टक्केच, कारण दोन्हीकडे नुसता पाण्याचा रेणू जोडायचं काम आहे. म्हणजे इथे ॲटम इकॉनॉमी काढून तुम्हाला काहीच कळणार नाही, फरक बघायचा तो तापमानात, तांबं काढून टाकायच्या कटकटीत आणि न वापरला गेलेला कच्चा माल वेगळा करण्यात. कुठलं मोजमाप कुठे गप्प बसतं हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरं, डायबिटीसचं औषध सिटाग्लिप्टिन. मर्क आणि कोडेक्सिस यांनी ऱ्होडियम आणि जास्त दाबाच्या हायड्रोजनऐवजी सुधारलेलं ट्रान्सअमिनेज एन्झाइम आणलं, २०१० मध्ये आयबुप्रोफेनला मिळालेला तोच अमेरिकेतला पुरस्कार यालाही मिळाला. एकूण कचरा कमी झाला १९ टक्के. अनेकांना हा आकडा छोटा वाटतो, ९० टक्के वगैरे असायला हवा होता असं वाटतं, पण आधीच घासूनपुसून बसवलेल्या प्रक्रियेत १९ टक्के म्हणजे खूप आहे.

बायोप्लास्टिकची गल्लत तर ठरलेली. बायोबेस्ड आणि बायोडिग्रेडेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करतात, ते बायोबेस्ड आहे पण साध्या पॉलिथिनसारखंच वर्षानुवर्षं तसंच राहतं. उलट पीबीएटी हे प्लास्टिक सहसा पेट्रोलियमपासून होतं आणि विघटन पावतं. पीएलए हे बायोबेस्ड प्लास्टिक विघटन पावतं खरं, पण त्याला इंडस्ट्रियल कॉम्पोस्टिंगचं साधारण ५८ अंशांचं तापमान लागतं, घरामागच्या खड्ड्यात टाकून पुढच्या वर्षी बघाल तर ते तिथेच असेल. चार चौकटींचा तक्ता काढा (बायोबेस्ड आहे की नाही, बायोडिग्रेडेबल आहे की नाही) आणि प्रत्येक चौकटीत एक नाव लिहा, दहा मिनिटांचं काम आहे.

७. एलसीए: आधी वाक्य लिहा, सॉफ्टवेअर नंतर

आयएसओ १४०४० आणि १४०४४ प्रमाणे एलसीएचे चार टप्पे असतात: उद्देश आणि व्याप्ती, इन्व्हेंटरी, परिणामांचं मोजमाप, अर्थ लावणं. पोरं थेट ओपनएलसीए उघडतात आणि बटणं दाबत बसतात. त्याआधी कागदावर दोन वाक्यं लिहा, फंक्शनल युनिट काय (म्हणजे तुलना नेमकी कशाच्या किती मापावर) आणि सीमा कुठून कुठपर्यंत. ही दोन वाक्यं मॅडमना दाखवून घ्या, मगच लॅपटॉप उघडा.

आणि आकडे घेताना कुठल्या आवृत्तीचे ते लिहा. नायट्रस ऑक्साइडची शंभर वर्षांची तापमानवाढ क्षमता आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या) पाचव्या अहवालात कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट आहे, सहाव्यात २७३ पट. अर्धा हिशेब जुन्या आणि अर्धा नव्या आकड्यांवर केलात तर तो तपासणाऱ्याला लगेच दिसतो.

८. प्रोजेक्टला उसाचं इथेनॉल घ्या

विषय निवडायची मोकळीक असेल तर माझा सल्ला हाच. महाराष्ट्रात शिकत असाल तर साखर कारखाना फार लांब नसतो, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यामुळे विषय ताजा आहे, आणि केमिस्ट्री आणि बायोटेक दोन्ही बाजू यात येतात.

सुरुवात समीकरणापासून. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे यीस्टने अगदी चोख काम केलं तरी ॲटम इकॉनॉमी ५१ टक्केच. हा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला, त्यामुळे त्याचा हिशेब कोळशाच्या धुरासारखा लावत नाहीत, हे एका ओळीत लिहून टाका.

मग स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून झाल्यावर उरणारं सांडपाणी. मोलॅसिसवर (मळीवर) चालणाऱ्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर निघतो, त्याचा सीओडी (त्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. 'मळीमिश्रित पाणी नदीत सोडलं, मासे मेले' अशा बातम्या येतात त्यातलं पाणी बरेचदा हेच. त्यातून बायोगॅस काढता येतो, तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, प्रेसमडबरोबर (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाबरोबर) कॉम्पोस्ट करता येतं. यातला कुठला मार्ग धरलाय यावर तुमचं उत्तर बदलतं.

पाणी विसरू नका. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्ये उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला साधारण २,८६० लिटर पाणी असा आकडा आहे. मराठवाड्यातला ऊस धरलात का कोल्हापूरचा, याने त्या पाण्याची किंमत पार बदलते, आणि ते नुसत्या कार्बनच्या हिशेबात दिसतच नाही. उसाला घातलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही धरा, वरचा २७३ पट तिथेच लागतो.

यात दोन मोठे खड्डे आहेत. पहिला, लिटरला लिटर तुलना. एका लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास, म्हणून फंक्शनल युनिट लिटर न घेता मेगाज्यूल किंवा गाडीचं किलोमीटर घ्या. दुसरा, ॲलोकेशन. एकाच उसातून साखर, बगॅस (चिपाड), मोलॅसिस, प्रेसमड सगळं निघतं, मग शेतातल्या पाण्याखताचा भार कोणावर किती टाकायचा? वजनाप्रमाणे, ऊर्जेप्रमाणे, का किमतीप्रमाणे? "मोलॅसिस म्हणजे टाकाऊ, त्यावर भार शून्य" असं लिहिलं की इथेनॉल एकदम हिरवंगार दिसतं, पण मोलॅसिस पैसे मोजून विकलं जातं, त्यामुळे हे पटवणं अवघड आहे. शक्य असेल तर तीनही पद्धतींनी काढा आणि तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. माझ्या मते अख्ख्या पेपरात सगळ्यात जास्त शिकवणारा भाग हाच.

डेटा कुठून आणायचा? कारखान्यात जाऊन मागितलात तर बहुतेक वेळा चहा मिळतो, आकडे मिळत नाहीत. डिस्टिलरी उभारताना किंवा वाढवताना पर्यावरण परवानगी लागते, तिचे अहवाल केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात, त्यात रोजचं पाणी, वाफ, स्पेंट वॉश सगळं लिहिलेलं असतं. जनसुनावणी झालेल्या प्रकल्पांचे मराठीतले कार्यकारी सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मिळतात. भाषा जरा सरकारी आहे पण आकडे कामाचे. फक्त हे कारखान्याने परवानगी मागताना सांगितलेले आकडे आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, हे रिपोर्टमध्ये लिहायचं.

व्हिजिट करायचीच असेल तर गळीत हंगाम बघून तारीख ठरवा. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपत येतो. जूनमध्ये सुरू होणाऱ्या सेमिस्टरवाल्यांनी ऑगस्टमध्ये गेलं तर बंद मिल आणि रंगकाम बघून परत यावं लागेल.

९. सबमिशन आणि व्हायवा

रिपोर्ट स्वतःच्या शब्दांत लिहा, सिमिलॅरिटी चेक होतो आणि बारा तत्त्वांची तीच ती वाक्यं तिथे लाल होऊन येतात. चॅटबॉटकडून लिहून घेतलेले रिपोर्ट तर आकड्यांवरच पकडले जातात, कारण सीमा न सांगता आकडा ठोकून दिलेला असतो आणि रेफरन्स उघडत नाही.

प्रत्येक आकड्यापुढे एकक, वर्ष आणि तो कुठून घेतला ते असलं पाहिजे. गृहीतकांची यादी शेवटी परिशिष्टात लपवू नका, निकालाच्या तक्त्याच्या लगेच वर टाका. एक्सेल शीटमध्ये आकडे थेट सूत्रात टाइप करू नका, वेगळ्या रकान्यात ठेवून जोडा, आणि ती फाइल व्हायवाला लॅपटॉपवर उघडून बसा, कारण बाहेरून आलेले परीक्षक "स्पेंट वॉश ८ ऐवजी १२ लिटर धरा, आता काय येतं?" असं विचारतात आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं.